‘मोबाइल नको म्हणता, मग थेरपी व्हिडिओवर कशी?’

“सगळे सांगतात, मुलाला मोबाइल दाखवू नका. आणि मॅडम, तुम्ही थेरपीच व्हिडिओवर करायची म्हणता?” तीन वर्षांच्या मुलाच्या आईने मला, त्याच्या स्पीच थेरपिस्टला, जरा चिडूनच विचारलं. उशिरा बोलणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे.

मुलगा मोजकेच शब्द बोलायचा. काही हवं असलं की आईचा हात धरून तिला तिथवर ओढत न्यायचा. पडद्यावरची गाणी लागली की मात्र आकडे घडाघडा म्हणायचा, त्यामुळे घरच्यांना वाटे, व्हिडिओ बघून शिकतोय की! कान तपासून घेतले होते, ऐकू नीट येत होतं. बोलणं लांबलेल्या कुठल्याही मुलाची ही तपासणी आधी व्हायलाच हवी.

बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2003 सालचा एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी कुणी समोर बसून मँडरिन या चिनी भाषेत बोललं, खेळलं, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच उमटलं नाही. बाळाची नजर कुठे गेली हे पडद्याला कळत नाही, तो त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून मुलाला एकट्याला बसवून ‘बोलायला शिकवणारे’ व्हिडिओ लावणं ही थेरपी नव्हे. त्या आईची धास्ती खरीच होती.

मी मागितलेला व्हिडिओ मुलाने बघायचाच नव्हता. फोन कोपऱ्यात टेकवायचा, नेहमीसारखं खेळायचं, आणि ते चित्रण नंतर आम्ही दोघींनी बघायचं.

पहिल्याच क्लिपमध्ये गाडीचं चाक निघालं. मुलाने ते उचललं, आईकडे पाहिलं, ओठ हलले. तेवढ्यात आई म्हणाली, “हे काय आहे? कुठला रंग? सांग, लाल!” त्याने मान खाली घातली. तो तुकडा मी आवाज बंद करून पुन्हा लावला. “अहो, तो बोलायच्या बेतात होता,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग त्याच क्लिपमधली दुसरी जागा दाखवली. ती चाक बसवण्यात गुंतली होती, म्हणून गप्प होती. त्याने “दे” म्हटलं. पालकांचं चुकतं कुठे हे दाखवण्यापेक्षा जमतं कुठे ते दाखवलेलं जास्त लागू पडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तिला एवढंच सांगितलं: प्रश्न कमी करा, त्याने पाहिलं की थांबा, तो जे म्हणेल त्यात एक शब्द घाला. “दे” ला “चाक दे”. आजीला तर काही शिकवावंच लागलं नाही, त्या मुळातच सावकाश बोलतात.

काही महिन्यांनी “गाडी गेली”, “आई बस” असं सुरू झालं. समवयस्कांच्या तो अजून मागे आहे, थेरपी चालूच आहे.

थेरपिस्ट समोरून प्रतिसाद देते असा व्हिडिओ कॉलही चालतो, फक्त मोठं माणूस शेजारी हवं. पण येत असलेले शब्द गेले असतील किंवा हाक मारूनही मूल वळत नसेल, तर क्लिप पाठवत बसू नका, विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष घेऊन जा. आणि क्लिप थेरपिस्टलाच पाठवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर नको.