पेन्शन मोडून द्राक्षबाग?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. 1995 साली अमेरिकेला गेल्या, तिथलं नागरिकत्व घेतलं. 9 वर्षं तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यात इंजिनियर होत्या, मग एका कंपनीत चढत चढत व्हाइस प्रेसिडेंट झाल्या. यंदा 57व्या वर्षी नोकरी सोडून नाशिकला गंगापूर रोडला राहायला आल्यात. सरकारी नोकरीत पेन्शनसाठी पगारातून कापलेली वर्गणी व्याज धरून सुमारे 9,000 डॉलर परत मिळते. ती आणि कंपनीच्या 401-के, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातले पैसे काढून दिंडोरीत चार एकर द्राक्षबाग घ्यायची, खरेदीखत भावाच्या नावावर करायचं, असा त्यांचा बेत आहे.

ताई, वर्गणी परत मागायचा फॉर्म भरला असेल, तर तो पाठवू नका. 5 वर्षांहून जास्त नोकरी झाल्यामुळे 62व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क तुम्हाला कधीच लागलाय. हिशोब सोपा आहे: सलग तीन वर्षांच्या सर्वांत जास्त पगाराची सरासरी, तिचा 1 टक्का, गुणिले नोकरीची वर्षं. तुमची सरासरी 90,000 डॉलर, म्हणजे वर्षाला 8,100, महिन्याला 675 डॉलर, तेही हयातभर. आज उचलाल ती रक्कम पेन्शनच्या चौदा महिन्यांतच वसूल होते. खोट एकच, ती सरासरी नोकरी सोडली त्या दिवशी गोठली. मधल्या महागाईची भर त्यात पडत नाही. तरीही वर्गणी उचलू नका. ती उचलली की हक्क संपतो, परत मिळवायचा तर पुन्हा फेडरल नोकरीत जावं लागतं, आणि तसा तुमचा विचार दिसत नाही. शिवाय तुम्ही अमेरिकी नागरिक असल्याने दोन्ही देशांच्या करारानुसार या पेन्शनवर कर फक्त तिकडेच.

401-केचं गणित वेगळं. पंचावन्न उलटल्यावर नोकरी सोडलीत, म्हणून त्या कंपनीच्या खात्यातून 10 टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. पण कुणाच्या सांगण्यावरून ते आयआरएमध्ये, म्हणजे स्वतःच्या नावावरच्या निवृत्ती खात्यात हलवलेत, तर साडेएकोणसाठपर्यंत ही सवलत गेली. सगळी रक्कम एकाच वर्षी काढलीत तर वरच्या स्लॅबचा कर बसेल. लागेल तशी दरवर्षी काढा. आणि इथल्या बँकेतला मुलगा म्युच्युअल फंडाचा फॉर्म पुढे करेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. अमेरिकी नागरिकाला भारतीय फंडांवरचा तिकडचा कर फार जाचक पडतो.

आता बाग. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. पैसे तुमचे आणि खरेदीखत एकट्या भावाचं, हा सरळ बेनामी व्यवहार. भावाला रक्कम बक्षीस देता येईल, पण मग बाग त्याचीच. उद्या वहिनी-भाच्यांपुढे तुमचा शब्द चालणार नाही. नाशिकच्या सुला वाइन कंपनीच्या राजीव सामंतांचं उदाहरण तुम्ही दिलंत. तेही अमेरिकेतली नोकरी सोडून आले, खरंय, पण जमीन घरची होती. आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मध्येच अवकाळी पाऊस नि डावणी रोग, हे सगळं गंगापूर रोडवरून फोनवर होत नाही.

एक मात्र पत्रात सापडलं नाही. भाऊ कसतो ती जमीन वडिलांची ना? मृत्युपत्र नसेल तर मुलगी म्हणून तुमचाही त्यात वाटा आहे, आणि वारसाहक्काने आलेली शेतजमीन ओसीआयलाही ठेवता येते. सातबारा काढा, वारस नोंदीत तुमचं नाव लागलंय का ते बघा, आणि मग मला फोन करा.