मिरजेत संगीत खरंच उरलंय का, की नुसतं नाव राहिलंय?

तुम्ही विचारलंय की मिरजेला संगीतनगरी म्हणतात पण आज तिथं गेलं तर काही ऐकायला बघायला मिळतं का, की नुसते जुन्या गवयांचे फोटो, आणि आता ही परंपरा टिकवतंय तरी कोण. मी मिरजेचाच आहे, गाणं थोडंफार शिकलोय, कुणी गात असेल तर मागे पेटी धरतो, पोटापाण्याचं काम वेगळं. तेव्हा गावाचा अभिमान बाजूला ठेवून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी इतिहास पटकन उरकतो कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवायचे, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले, पुढं 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1931 साली वारले ते परत मिरजेतच. गवई विनायकराव पटवर्धन मिरजेचे. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते मिरजेतच, म्हणून इथल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. आणि किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर गावाचेच होऊन गेले, त्यांच्याबद्दल खाली येतंच.

पण खरं सांगू का, आज मिरजेत राहणारं असं देशभर गाजलेलं नाव शोधायला गेलात तर निराश व्हाल. शिकलेली चांगली पोरं पुण्याला जातात, मुंबईला जातात, आणि जाणारच, इथं महिन्याला किती कार्यक्रम होणार. माझ्या मते गाव संगीताचं राहिलंय ते दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे तंबोरे-सतारी बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, आणि दुसरी म्हणजे दर्ग्यात बिदागी, म्हणजे गाण्याचे पैसे, न घेता गायचा रिवाज. बाकीचं सगळं या दोघांच्या आजूबाजूला आहे.

कारागिरांची गोष्ट अशी की हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले बनवणारे, धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आल्यावर हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ वाद्यांकडे वळले, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड, दरबारात गवई येणार, त्यांची वाद्यं बिघडणार, आणि जवळपास दुरुस्त करणारं कुणी नाही, अशी ती सुरुवात. म्हणजे धंदा सुरू झाला तोच दुरुस्तीतनं, नवीन वाद्य बनवणं त्यानंतर आलं. पुढं घराण्याचं आडनावच सतारमेकर पडलं आणि आज सतारमेकर गल्लीत गेलात की दुकानाच्या छताला भोपळे टांगलेले दिसतात, लोक फोटो काढतात आणि निघून जातात, काम बघायला फार कमी जण थांबतात.

हे भोपळे म्हणजे आपल्या भाजीचे नव्हेत, कडू भोपळे असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी शेतकरी मुद्दाम पिकवतात. मोठ्या घेराचा, पातळ सालीचा पण टणक, वेडावाकडा नसलेला भोपळा मिळणं हे नशीब, पूर आला की पीक गेलं आणि मग त्या वर्षी कारागिरांची पंचाईत. वाळवायचा, कापायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, भिजवून तोंड हवं तेवढं फाकवायचं, पुन्हा वाळू द्यायचा. गळा आणि दांडी तुणीच्या लाकडाची. मग तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, बसवायची, खुंट्या, नक्षी, पॉलिश. हे सगळं घाईत होत नाही, ऑर्डर दिली आणि पुढच्या आठवड्यात तंबोरा हातात असं समजून येऊ नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो पण तसा नसतो, त्याला अगदी नजरेला न कळणारा उतार असतो, तार त्या उतारावर हलके घासत जाते म्हणून तंबोऱ्यातनं तो झणकार निघतो, नुसता टणत्कार नाही. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज बसतो, मग जवारी काढावी लागते. कारागीर मांडी घालून बसतो, तारा बाजूला करतो, कानशीनं दोन हात फिरवतो, तार परत बसवतो, छेडतो, कान देतो, परत काढतो, परत घासतो. एक हात जास्त झाला तर आवाज फुटला, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढंमागं सरकवत बसायचं, जिथं तार उघडते तिथं सोडायचा. याला कुठलं मोजमाप नाही की कोर्स नाही. आणि गंमत म्हणजे यातले कितीतरी जण गाणं अजिबात शिकलेले नाहीत, रागाचं नाव विचारलं तर हसतील, पण तुमचा पंचम किंचित उतरलाय हे तुमच्या आधी त्यांना कळतं. मोठमोठे गवई आपला तंबोरा दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत, गाडीत घालून इथवर घेऊन येतात ते याचसाठी. आमच्या घरी आत्याचा जुना जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा, तंबोरा आहे, काळी पाच या पट्टीला लावलेला, तो ज्यांच्याकडे जायचा ते आजोबा गेले, आता त्यांचा नातू जवारी काढतो, आणि आत्याच्या मते आजोबांची जवारी जरा गोल यायची, नातवाची थोडी जास्त खुली येते. मला फरक कळतो असं मी म्हणणार नाही, पण आत्या दर वेळी बोलून दाखवते आणि तो पोरगा दर वेळी निमूट ऐकून परत कानस हातात घेतो.

दुसरी गोष्ट दर्ग्याची. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा, उरूस सहाशेहून जास्त वर्षांचा, आणि पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. खाँसाहेब दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून गायचे. 1937 साली मद्रासकडच्या दौऱ्यात पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांना बरं वाटेनासं झालं, सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले, फलाटावर दरबारी रागात अल्लाचं नाव घेत गेले असं सांगतात. तिथनं त्यांना मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या आठवणीत गाणंबजावणं चालतं. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी असे किराणा घराण्याचे सगळे इथं गाऊन गेलेत. इथं गायचं म्हणजे हजेरी लावायची, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. एकदा पाकिटं सुरू झाली की बजेट आलं, प्रायोजक आला, मग स्टेजवर बॅनर, आणि गावातल्या शिकणाऱ्या पोराला पंधरा मिनिटं मिळायची ती पण गेली. मला विचाराल तर हा रिवाज कुठल्याही पुरस्कारापेक्षा कामाचा आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही बरीच वर्षं संगीत महोत्सव होतो, तिथंही गावातली माणसं खाली सतरंजीवर बसून ऐकतात, आणि दाद कुठं द्यायची हे त्यांना कळतं.

अडचणी आहेतच, नाही कसं म्हणू. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट आहे, इलेक्ट्रॉनिक तंबोरा तर कधीचाच आलाय, क्लासला जाणाऱ्या पोराला घरात एवढं मोठं वाद्य ठेवायला जागा नाही. कारागिरांची पोरं शिकून नोकरीला लागतात आणि त्यांना दोष कसा देणार, दिवसभर लाकडाचा आणि हाडाचा भुसा नाकात जाणार, मजुरी बेताची, त्यात लग्न जमवताना पोरगा काय करतो म्हणून विचारणार. 2024 साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा पेपरात खूप आलं, चांगलंच झालं, कारण दुसरीकडं बनवलेलं वाद्य मिरजेचं म्हणून खपवणारे कमी नाहीत. पण जीआयनं नाव सांभाळलं जातं, हात सांभाळला जात नाही. शाळकरी पोरानं चार-पाच वर्षं शेजारी बसून फक्त तारा बदलायच्या आणि बघायचं, त्या काळात त्याच्या घरात पैसे कुठनं येणार याचं उत्तर मला तरी अजून कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

तर यायचं कसं. स्टेशनपासून गाव लांब नाही, रिक्षावाल्याला दर्गा म्हणा, सतारमेकर गल्ली त्याच भागात कुणीही दाखवेल. तुमच्याकडे किंवा नातेवाइकांकडे जुना तंबोरा धूळ खात पडला असेल तर तो घेऊन या, नवीन घ्यायच्या आधी तो दाखवा, बऱ्याचदा नुसती जवारी आणि तारा एवढ्यावर काम भागतं. नवीनच हवा असेल तर कोण गाणार, कुठल्या पट्टीत गाणार, जनानी की मर्दानी हे आधी सांगा, एकाच दुकानात लगेच पैसे देऊ नका, दोन-तीन ठिकाणी बसून वाजवून बघा, कुणी रागावत नाही. उरुसाला यायचं असेल तर तारीख आधी विचारून घ्या कारण ती चंद्राच्या महिन्याप्रमाणे दरवर्षी मागे सरकते. रात्र रात्र गाणं चालतं, अंगावर घ्यायला काहीतरी आणा, आणि मोठं नाव उशिरा आहे म्हणून उशिराच येऊ नका, सुरुवातीलाच येऊन बसा, आमच्या गावची पोरं तेव्हा गातात आणि तेव्हा समोर माणसं कमी असतात.