पणजोबा राहू दे, पणजीला शोध

अगं पोरी,

घराण्याच्या वंशावळीसाठी १९३१ च्या जनगणनेत पणजोबांचं नाव कुठे बघायचं हे तू परत विचारलंस म्हणून आता सविस्तर लिहितो. नाही मिळणार. इंग्लंडात १९२१ चे घरोघरचे फॉर्म शंभर वर्षांनी, २०२२ ला लोकांना बघायला खुले केले, ते व्हिडिओ बघून तुझ्या डोक्यात हे बसलंय. आपल्या १९३१ च्या छापील खंडात जातवार आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. लग्नाचंही तेच, मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदाच १९५३ चा, तुझ्या पणजोबांचं लग्न त्याआधीच मांडवात लागून गेलं. ठाण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चचं रजिस्टर तरी असतं, आपल्याला तेही नाही.

म्हणून सांगतो, पणजीला धर. जुन्या फेरफारात, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीत, आडनाव बहुतेक नसतंच, नुसतं ‘धर्मा बिन गोमा’, म्हणजे गोमाचा मुलगा धर्मा, आणि घणसोलीसारख्या गावात असे चार धर्मा निघाले तर तुझा कुठला? पण धर्मा गेल्यावर वारसाचा फेरफार होतो, त्यात विधवेचं नाव बऱ्याचदा सापडतं, आणि चारही धर्मांची बायको एकच नसते ना! मग १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना हिस्सा आला आणि भाऊ लोक बहिणींकडून हक्कसोडपत्रं लिहून घ्यायला लागले. त्या कागदात एकेका बहिणीचं सासरचं नाव, गाव, सगळं. बहिणींना बाहेर काढायला केलेला कागद, आणि अख्खं खानदान त्यातच सापडतं. तुमच्याकडे तर असणारच, नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा मोबदल्याला आणि पुढे जमीन गेलेल्यांना मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटला वारस दाखवायलाच लागले. फाईल मोठ्या काकांकडे असेल, ते टाळाटाळ करतील, तू मागत राहा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफाराच्या आणि कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीच्या, नकला काढ, मोडीत निघाल्या तर मोडी वाचणारा गाठ, पैसे घेईल, घेऊ दे.

आणि बायकांची नावं गाळू नकोस, हे मी शंभरदा सांगणार. आमच्या चुलतभावाने वंशावळ छापली, नुसत्या पुरुषांची, फ्रेम करून हॉलमध्ये लावलीये. मी म्हटलं बायका कुठेत, तर म्हणे जागा पुरत नाही. मी त्याच्या वास्तुशांतीला जेवलो नाही. भांडखोर म्हणतात मला, म्हणू देत, त्या फ्रेममध्ये माझी आई नाहीये! आणि तिच्या आजीचं नाव सांगणारं तर आता कुणीच उरलं नाही, ते मला अजून टोचतं.

तुझं तसं नाही, तुझी आजी आहे. पण तिला नुसतं ‘सासूचं नाव काय’ विचारू नकोस, लग्नात नाव बदलायचे त्यामुळे तू सासरच्या नावाने माहेरच्या गावात शोधत बसशील. माहेरचं नाव विचार, बापाचं विचार, नणंदा कुठल्या गावात दिल्या ते विचार. पणजीचं माहेर उरणकडचं म्हणालीस, मग तिथले कागद उरण तहसीलला, ठाण्यात खेटे घालू नकोस. आजीला आजच फोन कर, दुपारी ती झोपते तेव्हा चारनंतर, आणि स्पीकरवर ठेवू नकोस, काका मध्ये बोलतात.