डब्यातली चिठ्ठी आणि रानातला चकवा

बाळा, शनिवारी आमच्या वाचनाच्या बैठकीला तू पहिल्यांदाच येणार, म्हणून आधीच सांगते. रहस्यकादंबरी एका रात्रीत संपवून येऊ नकोस. आम्ही अंबाजोगाईत ती तीन बैठकांत वाचतो. दुसऱ्या बैठकीला जो तो आपल्या संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहितो, खाली कारण, आणि चिठ्ठी स्टीलच्या डब्यात. डबा शेवटी उघडायचा. नाव चुकलं तरी चालतं, पण कारणापुढं पान नंबर हवा. मग लेखकानं पुरावा आपल्या डोळ्यांदेखत कुठं ठेवला होता ते कळतं. मला तर खुनी सापडण्यापेक्षा तेच जास्त आवडतं.

भयकथेचं तंत्र वेगळं. ती मोठ्यानं, एका दमात वाचायची. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा बैठकीत बरोबर मावतात. नारायण धारपांच्या कादंबऱ्या घरी, एकट्यानं. वाचून झालं की लगेच बोलायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कथा संपली आणि नेमकी लाईट गेली. लांब कुठं तरी टिटवी ओरडली. कुणी जागचं हललं नाही. मग एका आजोबांनी ज्वारीच्या रानात चकवा लागल्याचं सांगितलं: रात्रभर चालले, उजाडलं तर त्याच बांधावर उभे. असं कुणी सांगत असलं की ‘खरंच का?’ म्हणू नकोस. ‘मग काय झालं?’ एवढंच विचार.

येताना पेन्सिल आण. आणि शेवट आधीच माहीत असेल तर कुणाला अवाक्षरही सांगू नकोस.