कॉर्पोरेट कल्चर म्हणजे कार्यसंस्कृती? मला नाही पटत

प्रश्न असा आलाय की कॉर्पोरेट कल्चरला मराठीत कार्यसंस्कृती म्हणायचं की कंपनी संस्कृती, आणि "कल्चर खराब असल्यामुळे कंपनीचा परफॉर्मन्स घसरला" हे वाक्य धड मराठीत कसं लिहायचं.

कार्यसंस्कृती शब्द रुळलाय, पण तो पेपरात कधी येतो बघा. लोक वेळेवर येत नाहीत, फाइल टेबलावरून हलत नाही, की लगेच "कार्यसंस्कृतीच उरलेली नाही" असं छापून येतं. म्हणजे कामाची शिस्त, ती एकतर असते नाहीतर नसते. कल्चरचं तसं नाही ना, अत्यंत आळशी ऑफिसलाही आपलं एक कल्चर असतंच.

आणि नुसतं संस्कृती म्हटलं तरी घोटाळा आहेच, कारण त्यात संस्कार आले, सुसंस्कृत आलं, म्हणजे चांगुलपणा आधीच आत बसलेला, त्यामुळे "खराब संस्कृती" कानाला वाईट सद्गुण म्हटल्यासारखं लागतं. इंग्रजी कल्चर मूळ लॅटिनमधलं, मशागत करणं या अर्थाचं, म्हणून लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंनाही कल्चरच म्हणतात, तिथे चांगलंवाईट काही नाही. (जाता जाता, बंगालीत कल्चरसाठी कृष्टि हा शेतीतलाच शब्द चालायचा, तो रवींद्रनाथांना आवडायचा नाही. संस्कृती हा शब्द स्वतःला एका मराठी मित्राकडून मिळाला आणि रवींद्रनाथांना तो पसंत पडला असं बंगाली भाषातज्ज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी लिहून ठेवलंय. आपल्याकडून गेलेला शब्द आहे, उगाच नावं ठेवायला नकोत, फक्त ऑफिसात तो अवघडतो.)

माझं मत विचाराल तर वळण. चांगलं वळण लागतं, वाईट वळणही लागतं, आणि एकदा अंगवळणी पडलं की ते दिसेनासं होतं. कंपन्यांच्या कल्चरचे अमेरिकी अभ्यासक एडगर शाइन यांनी १९८५ मध्ये कल्चरचे तीन थर मांडले, डोळ्यांना दिसतं ते, कंपनी तोंडाने सांगते ते, आणि सगळ्यात खाली कुणी बोलूनही दाखवत नाही असं गृहीत धरलेलं. तो तिसरा थर म्हणजेच अंगवळणी पडलेलं. आपल्याकडे तर ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं कधीचंच सांगून ठेवलंय.

आता हे वळण भाषेत कुठे सापडतं ते बघा. नवीन मुलगी मीटिंगमध्ये म्हणते, "सर, ही तारीख काही गाठता येणार नाही." सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागतात, सर पुढच्या स्लाइडवर जातात. बाहेर आल्यावर एक सीनियर हळूच म्हणतो, "अगं, असं मीटिंगमध्ये बोलायचं नसतं." बोलू नकोस नाही म्हणाला तो, तो झाला असता त्याचा हुकूम. बोलायचं नसतं! कुणी ठरवलं, कधी ठरवलं, वाक्यात कर्ताच नाही, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी. कंपनीचं कल्चर समजून घ्यायचं असेल तर तिथे दिवसभरात काय काय "करायचं नसतं" ते ऐकत बसा, भिंतीवरची पोस्टरं वाचू नका. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या छापील मूल्यांमध्ये आदर आणि सचोटी दोन्ही होत्या, आणि डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातल्या लबाडीपायी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बोलाचीच कढी.

परफॉर्मन्सशी संबंध इथेच येतो. तारीख गाठता येणार नाही हे आज कळलं तर काहीतरी करता येतं, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री कळलं तर फक्त माफीचा मेल लिहिता येतो. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या तेव्हा चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, आणि त्याचं कारण त्यांना असं दिसलं की तिथे लोक चुका न लपवता बोलत होते. आणि वळण पक्कं असलं की झालं असंही नाही हं, कॉटर आणि हेस्केट या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या कल्चर आणि कामगिरीवरच्या १९९२ च्या अभ्यासात नुसतं घट्ट कल्चर पुरत नाही, बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारं लागतं असंच निघालं. घट्ट वळणाची गाडी चुकीच्या रस्त्यालाही तेवढ्याच शिस्तीत जाते.

बाकी शब्द पटकन सांगतो. शिरस्ता हा फारसीतून आलेला कचेरीतला शब्द, शिरस्तेदार त्यातलाच, वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीला छान बसतो. पायंडा पडतो तो बहुतेक वेळा नको असलेलाच. खाक्या म्हटलं की बोलणाऱ्याचा राग दिसतो, "या कंपनीचा खाक्याच असा आहे". आणि निगम संस्कृती कृपा करून नको, ते वाचून कुणालाही महापालिकाच आठवेल.

तर तुमचं वाक्य: बोलताना "कंपनीला वाईट वळण लागलं आणि धंदा बसला". रिपोर्टमध्ये साहेबांना वळण चालणार नसेल तर "कंपनीतल्या वातावरणाचा कामगिरीवर वाईट परिणाम झाला". आणि एचआरच्या फॉर्मवर मात्र कार्यसंस्कृतीच लिहा, तिथे दुसरं काही लिहायचं नसतं.