वाचकांचे प्रश्न : केल्पच्या रानातील मुशी

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे राहतो. तेथील समुद्रात केल्पच्या जंगलात गाईडबरोबर, पिंजऱ्याशिवाय, मोकळ्या शार्कमध्ये स्कूबा (हवेचे सिलिंडर पाठीवर बांधून बुडी) करता येते असे सांगून त्याने मला बोलावले आहे. माझे वय ४६ असून मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी तीन वेळा स्कूबा केले आहे. एवढा अनुभव पुरेल का? आणि शार्कची भीती कितपत खरी? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : अनुभव पुरणार नाही, आणि त्याचे कारण शार्क नव्हे. किल्ल्याजवळ पर्यटकांना जे स्कूबा करवले जाते, त्यात पाण्याखालचा सारा भार गाईड वाहतो. तरंग राखण्याच्या जाकिटात हवा किती भरायची, कोठे वळायचे, वर केव्हा यायचे हे तोच ठरवतो आणि आपण त्याच्या आधाराने मासे पाहून, फोटो काढून घेऊन वर येतो. यात कमीपणा काही नाही. परंतु अशा तीन फेऱ्या झाल्या काय किंवा तीस झाल्या काय, पाण्यात स्वतःला ना बुडता ना तरंगता स्थिर ठेवण्याची कला त्यातून येत नाही. केल्पमध्ये नेमकी तीच लागते.

केल्प म्हणजे थंड समुद्रात खडकाला धरून वाढणारे तपकिरी रंगाचे प्रचंड शैवाल. केपटाऊनजवळच्या फॉल्स बे या उपसागरात जे प्रामुख्याने आढळते त्याला ‘सी बांबू’ म्हणतात, कारण त्याचा देठ पोकळ असून वरच्या टोकाला हवेने भरलेला फुगा असतो. त्या फुग्याच्या जोरावर ते माडासारखे उभे राहते आणि त्याच्या झावळ्या पृष्ठभागावर पसरतात. वरून पाहणाऱ्याला गालिचा दिसतो, खाली मात्र खांबांमधून वाट काढत जावे लागते. देठ श्वासाच्या नळीत किंवा सिलिंडरच्या तोटीत अडकला तर नवशिक्या माणूस गिरकी घेतो आणि अधिकच गुरफटतो. जाणकार जागीच थांबतो, सोबत्याला खूण करतो आणि देठ वाकवून मोडतो. ओढून तो तुटत नाही, वाकवला की काटकन मोडतो. लोंबणारी नळी अंगालगत खोचून ठेवणे आणि वर येताना मोकळी जागा गाठता येईल एवढी हवा राखणे, हे दोन नियम तेथे कधीही मोडू नयेत.

दुसरी अडचण थंडीची. मालवणचे पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या वर राहते, तर फॉल्स बेमध्ये ते बहुधा १२ ते १८ अंशांच्या दरम्यान असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. त्यामुळे तेथे ५ ते ७ मिलिमीटर जाडीचा पोशाख, टोपी, हातमोजे हे सर्व घालावे लागते. जाड पोशाख माणसाला वर उचलतो, म्हणून कमरेला जास्त शिसे बांधावे लागते. खोल गेल्यावर तोच पोशाख दाबाने आकसतो आणि मग शिसे जड होते. शिवाय कुडकुडणारा माणूस हवाही लवकर संपवतो. तेव्हा जाण्यापूर्वी ‘ओपन वॉटर’ हा १८ मीटर खोलीपर्यंतच्या बुडीचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहेच. चाळिशी उलटलेली असल्याने हृदय व फुप्फुसे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, आणि तेथे पोहोचल्यावर पहिली बुडी शार्कची न घेता साध्या केल्पची घ्यावी.

आता शार्क, म्हणजे आपली मुशी. फॉल्स बेमधील या बुड्या ज्याच्यासाठी प्रसिद्ध झाल्या तो सात कल्ल्यांचा शार्क होय. बहुतेक शार्कना प्रत्येक बाजूस पाच कल्ले असतात, याला सात. लांबी ३ मीटरपर्यंत, पाठीवर एकच पर आणि चाल संथ. तो सील मारून खातो, म्हणून त्याला गरीब समजू नये. तथापि शांत राहणाऱ्या पाणबुड्याजवळून तो सहसा पाहून निघून जातो. त्याच्या मागे लागू नये, हात पुढे करू नये, त्याची वाट अडवू नये आणि गाईडपासून दूर जाऊ नये. मासे टाकून शार्क बोलावणाऱ्यांबरोबर मी तरी जाणार नाही. तसेच ‘शार्क दिसणारच’ अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. २०१५ पासून तेथे ऑर्का (ज्यांना ‘किलर व्हेल’ म्हणतात) सात कल्ल्यांच्या शार्कना मारून त्यांचे केवळ यकृत खाऊ लागल्या, आणि जेथे ते डझनांनी दिसत तेथून ते नाहीसे झाले. म्हणजे शार्कचाही कोणी बाप आहे!

प्रश्न : देवगडच्या कातळांवर ओहोटीला दिसणारे तपकिरी शेवाळ म्हणजे केल्पच का? (एक विद्यार्थिनी, देवगड)

उत्तर : नाही. ते बहुधा सरगॅसम नावाचे दुसरे शैवाल असावे. बोंडांसारख्या बारीक हवेच्या फुग्यांवरून ते ओळखता येते. केल्पला थंड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी लागते, ते आपल्या किनाऱ्याला मिळत नाही. मात्र याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमानमध्ये, केल्प आहे. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तेथे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, खालचे गार पाणी वर येते आणि त्या काही महिन्यांत केल्प तरारते.

प्रश्न : मग कोकणात बुडी मारून मुशी पाहता येईल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : किनाऱ्यालगत क्वचितच. बाजारात मोरी म्हणून येणारी लहान मुशी गढूळ पाण्यात वावरते आणि माणसाची चाहूल लागताच निघून जाते. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर समुद्रात आत असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या पाण्याखालच्या पठारावरचे पाणी स्वच्छ असून तेथे प्रवाळाबरोबर शार्कही आहेत. परंतु ते अंतर रोजच्या पर्यटक होडीचे नव्हे.