शिकायच्या गोष्टींची यादी

प्रिय,

प्रोग्रामर म्हणून वर्षभरात काय काय शिकायचं याची तुझी यादी वाचली. वेब पानं बांधायचं रिअ‍ॅक्ट, अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारं कुबरनेटीस, रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा, एआय एजंट आणि वर दोन क्लाउड सर्टिफिकेशन. यातलं टाकाऊ काहीच नाही. पण ही यादी नोकरीच्या जाहिराती वाचून तयार झालेली दिसते, रोजच्या कामात कुठे अडतं हे पाहून नाही. मला काळजी वाटते ती त्याची.

अँग्युलरजेएस हे वेब अ‍ॅप बांधायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, २०१० मध्ये आलं. २०१६ मध्ये मुळापासून नव्यानं लिहिलेलं फ्रेमवर्क अँग्युलर या नावानं आलं आणि २०२२ च्या सुरुवातीला जुन्याचा सपोर्ट संपला. याउलट एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची कल्पना १९७० मध्ये मांडली, डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएलही त्याच दशकातली. तुझ्या अ‍ॅपचा डेटा आजही त्याच पायावर उभा आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच की रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टीच्या एक थर खाली उतर. तुझ्या कामात ओआरएम, म्हणजे तुझ्या कोडवरून एसक्यूएल तयार करणारं साधन, क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) लिहितं. ते नेमकं कोणतं एसक्यूएल पाठवतं ते लॉगमध्ये बघ. क्वेरी रेंगाळत असेल तर ती कशी चालते ते दाखवणारी एक्सप्लेन कमांड चालव आणि डेटाबेस सगळं टेबल चाळतोय की इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) वापरतोय ते वाच. ग्राहक आणि तारीख अशा क्रमानं बांधलेला इंडेक्स नुसत्या तारखेनं शोधताना सहसा का उपयोगी पडत नाही, हे एकदा स्वतः करून पाहिलं की डेटाबेस पोस्टग्रेस असो वा मायएसक्यूएल, ती समज सोबत येते. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम यांचंही तसंच.

एआय आता क्वेरी क्षणात लिहून देतं, मग हे कशाला, असं तुझ्या मनात येईल. पण दहा ओळींच्या टेस्ट डेटावर बरोबर चाललेली क्वेरी एक कोटी ओळींवर कोसळेल का, हे ती स्वीकारणाऱ्यालाच ओळखावं लागतं. आणि प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टिम, बंद पडल्यावर उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.

रिअ‍ॅक्ट मात्र यादीत राहू दे, तुझ्या टीमला ते लागतंच आहे. कुबरनेटीस एखादी सिस्टिम खरोखर त्यावर चालवायची वेळ आली की शीक. तोवर लिनक्सवरची प्रोसेस, मेमरी आणि पोर्ट समजून घेतलेस तर तेव्हा ते निम्मं सोपं जाईल. सर्टिफिकेशन कंपनी पैसे देत असेल तरच.

या आठवड्यात तुमच्या सिस्टिममधली सगळ्यात संथ क्वेरी शोध आणि तिचा एक्सप्लेन मला पाठव. आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका